वाऱ्याची वही आणि वन्संचं लग्न

मी कमठाण्याला सासरी आले त्या दिवशी मला घरापेक्षा घराचं छप्परच जास्त भरलेलं दिसलं. आत चार भांडी, एक पेटी, एक बाज. वर पत्र्यावर मात्र मोठमोठे लाल दगड, ट्रॅक्टरचं फाटकं टायर, मोडक्या नांगराचा फाळ, फुटका पाटा आणि मधोमध जात्याची एक तळी. जोडीची दुसरी तळी कुठे गेली हे घरात कुणालाच सांगता येत नव्हतं. मी माप ओलांडायचं सोडून मान वर करून बघत उभी राहिले.

सासूबाई म्हणाल्या, "काय बघायलीस गं? घर आत हाय."

"हे दगड काहून ठेवले जी वर?" मी विचारलं.

झालं! 'काहून' ऐकून अख्खं बिऱ्हाड हसलं. यांच्याकडे 'कामून' म्हणतात. धाकट्या नणंदेनं, म्हणजे वन्संनी, तो शब्द पुढे महिनाभर मला परत परत वाढला. पाणी मागितलं तरी "काहून?" आणि मीठ मागितलं तरी "काहून?" सासूबाईंनी मात्र उत्तर दिलं. "पत्रं वाऱ्यानं उडू नाई म्हनून. माज्या सासूनं ठिवल्यात. तवापासून एक पत्रा हालला न्हाई."

मी आत गेले, पण बाज त्या जात्याच्या तळीखाली होती. लग्नानंतर पहिले आठ दिवस मी नवऱ्याला नाही, जात्याला घाबरून जागी होते.

घाबरायला कारण होतं. माझं माहेर वर्धेकडचं, इथून दोन दिवसांचा आणि तीन गाड्यांचा प्रवास. मी सहावीत असताना एका उन्हाळ्यात आमच्या घराचे पत्रे वादळानं उचलले. बाबांनी एका पत्र्याची कड दोन्ही हातांनी धरून ठेवली. घर धरून ठेवायचं, एवढंच त्यांना सुचलं. मी समोर उभी होते. तोंडातून शब्द फुटला नाही. पत्रा गेलाच आणि जाताना बाबांच्या उजव्या हाताची तीन बोटं कामातून घालवून गेला. त्या वर्षी मी आईबरोबर कापूस वेचायला जायला लागले. शाळा सुटली ती सुटलीच. तेव्हापासून वारा जरा मोठ्यानं बोलला की माझी नजर आधी छपरावर जायची.

असल्या मुलीला सून करून घेतलं ते मामांनी. सासऱ्यांना आमच्यात मामा म्हणतात. दसऱ्याला नागपूरला इकडचे लोक मोटारी भरून येत. तिथे मामा आणि बाबा एकाच झाडाखाली भाकरी सोडून बसले आणि उठले ते व्याही होऊनच. हुंडा नाही, मानपान नाही. "पोरगी सहावीपर्यंत शिकलेली हाय," एवढ्यावर मामा खूश. राज्याचं नाव म्हैसूर जाऊन कर्नाटक होऊन दोन-तीन वर्षं झाली होती, तरी मामा 'म्हैसूर सरकार' म्हणत. त्यांचे म्हातारे चुलते तर अजून निजामातच होते. मी म्हणायचे, आपल्याला राज्य कुठलंही चालेल, फक्त छप्पर जागेवर राहू दे.

आमचे हे गावाजवळच्या सरकारी फार्मावर कामाला होते. पंप, राखण आणि शिवाय एक चमत्कारिक काम. फार्माच्या एका कोपऱ्यात तारेचं कुंपण घातलेलं मोकळं अंगण होतं. त्यात खांबावर तीन वाट्या बसवलेलं एक यंत्र होतं. वारा आला की वाट्या फिरत आणि खालच्या पेटीत, मोटारीच्या मीटरसारखे, आकडे पुढे सरकत. शेजारच्या खांबावर दिशा दाखवणारा बाण. फार्माचे साहेब त्याला वातकुक्कुट म्हणत. आमच्या ह्यांनी पहिले दोन दिवस कोंबडा शोधला म्हणे.

रोज सकाळी सातला आणि दुपारी दोनला मीटर बघायचा, तीन मिनिटं थांबायचं, परत बघायचा, दोन्ही आकडे वहीत मांडायचे. ह्यांचं शिक्षण कानडी चौथी. आकडे वाचता यायचे, पण वजाबाकीत हातचा घ्यायचा म्हटलं की हे इकडेतिकडे बघत. फार्मावर मी खुरपणीला जायला लागले तेव्हा एका दुपारी मला हळूच बोलावून म्हणाले, "जरा बघ की. कालच्यापेक्षा आजचा आकडा लहान कसा आला?" आकडा लहान नव्हताच. ह्यांनी उलटा वजा केला होता. हिशेबानं त्या दिवशी कमठाण्यात वारा माघारी गेला होता.

महिनाभर मी चोरून लिहीत होते. मग साहेबांनी वही पाहिली. साहेब मैलूरहून स्कूटरवर यायचे, गंभीर माणूस. विचारलं, "हे अक्षर कुणाचं?" हे खाली बघायला लागले. आता ह्यांचं काम जाणार आणि परक्या मुलखातून आलेल्या माझ्यामुळे जाणार! साहेब म्हणाले, "सात सातासारखा दिसतोय, पहिल्यांदाच." आणि दुसऱ्या दिवसापासून माझं नाव खुरपणीऐवजी त्या अंगणाच्या हजेरीत लागलं. त्या माणसाचे उपकार मी अजून विसरले नाही. शाळेनं जे अर्धं सोडलं ते त्यांनी तीन-तीन मिनिटांनी पुरं करून दिलं.

कारण त्या तीन मिनिटांत करायला काही नसायचं. साहेब असले तर मी विचारत असे. वारा येतो कुठून? इथल्या उन्हाळ्यात सकाळ इतकी गप्प आणि चार वाजता एकाएकी एवढा राग कशाचा?

एकदा ते उठले आणि पाण्याची बादली उचलून आणली. म्हणाले, "दिवसभर जमीन तापते. तापलेली हवा हलकी होते, वर चढते. वर ढग गोबीच्या फुलासारखा फुगत जातो. त्यात पाणी गार होतं, त्याच्याबरोबर तिथली हवाही गार होते, जड होते. जड झालं की काय होतं?"

"पडतं."

"पडतं." आणि त्यांनी बादली फरशीवर ओतली. पाणी खाली आपटलं आणि चारी बाजूंना पळालं. माझ्या चपला भिजल्या. "पाऊस यायच्या आधी जो गार वारा येतो तो हा. ढगातून खाली पडलेला आणि जमिनीवर पसरत आलेला. आणि लक्षात ठेव, वेग दुप्पट झाला की जोर दुप्पट होत नाही. चौपट होतो."

हे गणित मी घरी सासूबाईंना सांगितलं. त्यांना सुनेचा वेग आवडला नसावा. पण दिशेचं त्यांना चटकन कळलं. वारा कुठे चालला ते नाही, कुठून आला ते लिहायचं असतं, असं मी म्हणाले, तर त्या म्हणाल्या, "बराबर हाय. पावना दारात आला की कुटून आलाव हेच इचारतेत. कुकडं चाललाव हे जाताना."

घरी यंत्र नव्हतं, म्हणून मी माझं मोजमाप केलं आणि यंत्राशी ताडून पाहिलं. सासूबाईंच्या चुलीचा धूर सरळ वर गेला की वाट्या जवळजवळ झोपलेल्या असत. लिंबाची पानं कुजबुजली तर काळजी नाही. दोरीवरचं लुगडं आडवं झालं की वाळवण आत घ्यायचं. अंगणातलं रिकामं घमेलं आपण होऊन चालायला लागलं की माणसांनी बाहेर राहायचं नाही. मामा ह्याला 'घमेल्याचा कायदा' म्हणत. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत, "आमच्या सुनंचं घमेलं दाराबाहेर पडलं का मी घरात जातो. तिच्या सासूलाबी एवढं भेत न्हाई."

छपराचंही साहेबांना विचारलंच. ते म्हणाले, "वारा छपराला दाबत नाही, वर ओढतो आणि खालून शिरून ढकलतो. दगड ठेवून काही होत नाही. पत्रा उठला की दगड घरंगळतो आणि ज्याच्या डोक्यावर पडतो त्याला वाऱ्याची गरजच उरत नाही. हुकासारख्या वाकड्या टोकाचे बोल्ट मारा, पत्रा वाशाला धरून राहील." ह्यांनी बिदरहून बोल्ट आणले, एका रविवारी ठोकून बसवले. पण दगड काही सासूबाईंनी हलवू दिले नाहीत. "बोल्टबी ऱ्हाऊ दे, दगडबी ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या. "दोघं मिळून संबाळतील."

तीन उन्हाळे असे गेले. मग वन्संचं लग्न ठरलं.

मुलगा मंठाळचा, शिकलेला, शाळेत मास्तर. लग्न वैशाखात, आमच्या दारात. मामांनी वेळ धरली संध्याकाळी पाचची. मला रात्रभर झोप नाही. सकाळी सगळे चहाला बसलेले असताना मी म्हणाले, "मामा, पाच नको. सकाळी दहा करा."

"कामून?"

"वारा."

वन्सं खुदकन हसल्या. मामांनी बशी खाली ठेवली. "हे बघ पोरी. आमी छप्पन साली दीक्षा घेतली, सगळं सोडलं. मुहूर्त सोडला, पंचांग सोडलं, भटजी सोडला. आता तू घरात वाऱ्याचं पंचांग आनायलीस व्हय?"

"पण मामा, मुहूर्त सोडला तर मग पाचच कशाला? कुणी सांगितलं पाच?"

खरंच, कुणी सांगितलं होतं? गावात सगळ्यांची लग्नं गोरज मुहूर्तावर, गुरं परतायच्या वेळी लागत. आम्ही मुहूर्त टाकला, पण वेळ तीच ठेवली. पंचांग गेलं, त्याचं घड्याळ भिंतीवर राहिलं. आमच्या वस्तीतली सगळी लग्नं पाचलाच लागत होती आणि दर दोन-तीन वर्षांनी कुणाचा तरी मांडव जात होता. लोक म्हणत, उन्हाळ्यात चालायचंच.

मी वही आणली होती. तीन उन्हाळ्यांत जेवढी वादळं मी पाहिली त्यांच्या वेळा शेवटच्या पानावर लिहून ठेवल्या होत्या, माझ्यासाठी, भीतीपोटी. बहुतेक सगळी तीन ते सहामधली. सकाळची एकही नाही.

"पंचांगवाले आधी लिहितात, मग आपण बघतो," मी म्हणाले. "मी आधी बघितलं, मग लिहिलं."

मामांनी पान हातात घेऊन वरून खाली बघितलं. त्यांना वाचता येत नव्हतं, पण त्या पानावर त्यांनी मुलीचं लग्न वाचलं असावं. शेवटी सासूबाईंकडे वळून म्हणाले, "धा वाजता कर म्हनायलीय वाऱ्याची बाई. व्याह्याला सांगू. म्हनू, आमच्याकडं नवी रीत हाय."

सुटकेनं माझ्या डोळ्यांत पाणी आलं, पण मागण्या संपल्या नव्हत्या. मांडव दारात, म्हणजे छपराच्या अगदी पुढे. मी म्हणाले, वरचे दगड काढा. सासूबाई दोन दिवस बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी मुलांकडून दगड, टायर, फाळ, पाटा, तळी सगळं उतरवून घेतलं आणि मला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "सासूचं घर उगडं केलं बाई सुनंनं."

तिसरी मागणी शेजारी होती. आमच्या घरापलीकडे दुकानवाल्या अक्कांचं गोदाम होतं. लाल दगडाच्या जाड भिंती, वर शहाबादी फरशीचं छत. आख्ख्या गल्लीत न उडणारी तेवढी एकच वस्तू. अक्का बसवभक्त घरातल्या, गळ्यात लिंग, तोंडात अर्धी कानडी अर्धी मराठी. उठबस होती, उसनं मीठ-साखर चालत होतं. पण आमच्या दोनशे माणसांना त्यांच्या धान्याच्या गोदामात बसवा म्हणायचं, सासूबाईंना धीर होईना. "इचारायचं अन् न्हाई म्हनलं तर? उद्या तोंड कसं दाखवावं?" मग मीच गेले. परक्या मुलखातल्या माणसाचा एक फायदा असतो. त्याला कुठे लाजायचं ते नीट माहीत नसतं.

"बा येव्वा, बस," म्हणत अक्कांनी पुढ्यात शेंगा ठेवल्या. मी अडखळत सांगितलं. वादळ आलंच तर, फक्त आलंच तर, घटकाभर.

अक्का शेंग फोडत म्हणाल्या, "पोती बसतेत तिथं. पोत्याला चालतंय, तुमाला चालत न्हाई का?" आणि किल्ली माझ्या हातात दिली. "पन वादळ न्हाई आलं तर मला जेवायला बसवायचं. पैल्या पंगतीत."

"आलं तरी बसवू."

"मग येऊ दे."

लग्नाच्या दिवशी सकाळी मी सातचा आकडा घेऊन आले. वारा नावाला. आभाळ धुतलेल्या पातेल्यासारखं. दहाला सगळं तयार, मांडवावर मोठी ताडपत्री, खाली सतरंज्या, टेबलावर मूर्ती, तसबीर, मेणबत्त्या, फुलांची ताटं. फक्त नवरदेव नव्हता. अकरा वाजले. बारा वाजले. मंठाळहून निघालेला ट्रक वाटेत पंक्चर झाला होता आणि तो दुरुस्त होईपर्यंत बँडवाले चहाला उतरून जे गेले ते सापडेनात. दोनचा आकडा साहेबांनी स्वतः घेतला, कारण मला मांडव सोडता येईना आणि तेही आमचे पाहुणेच होते. येऊन म्हणाले, "वाट्या ठीक. पण पश्चिमेला बघितलंस?"

मी दहापासून तेच बघत होते. क्षितिजावर गोबीचं फूल उठलं होतं.

वऱ्हाड तीनला आलं. मामांचे चुलते काठी आपटत म्हणाले, "घ्या! धाचं लग्न तिनाला. त्यापरीस पाच बरं हुतं." सगळे हसले. मीही हसले, पण माझं लक्ष लिंबाच्या पानांवर होतं. पानं थांबली होती. धूर सरळ वर. इतकी शांतता की स्वयंपाक्याचा झारा वाजला तरी दचकायला व्हावं. मग पश्चिमेकडून मातीचा रंग चढायला लागला, आधी विटकरी, मग तपकिरी, आणि माझ्या मानेवर गार हात ठेवावा तशी एक झुळूक आली.

मी आमच्या ह्यांना म्हणाले, "ताडपत्री सोडा. माणसं गोदामात न्या." हे पळाले. साहेबही उठून पाहुण्यांना हाकायला लागले. मी वन्संचा हात धरला, फुलांचं ताट उचललं. सासूबाईंनी मूर्ती पदरात घेतली. मुलाकडचे चार-पाच बाप्ये चिंचेच्या झाडाखाली धावले, त्यांना मी ओरडून बोलावलं, झाडाखाली नको म्हणून. नवरदेव खुर्चीवरून उठायला तयार नव्हते. बसायला सांगितलं ते उठायचं कधी हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. वन्संनीच मागे वळून हाक मारली, "ओ मास्तर! तास संपला, उटा!" लग्नाआधी नवऱ्याशी बोललेलं ते त्यांचं पहिलं वाक्य.

ताडपत्रीचे सहा दोर सुटले. दोन राहिले. अंगणातलं घमेलं आधी सरकलं, मग चाललं, मग उठलं आणि भिंतीवर जाऊन आदळलं. मी वळून पाहिलं तर मांडवाच्या कोपऱ्यात मामा. सुटत चाललेला दोर त्यांनी दोन्ही हातांना वेढा देऊन धरला होता. शेजारी चुलते खांबाला मिठी मारून उभे. "धरा रं! धरा!" मामा ओरडत होते. "मांडव जायलाय!" दोन जवान गडी त्यांच्याकडे धरायला निघालेसुद्धा.

ताडपत्री पोटात वारं भरून फुगली. मामांच्या टाचा जमिनीवरून उठल्या.

मी सासऱ्यांसमोर कधी डोक्यावरचा पदर ढळू दिला नव्हता. व्याही, विहीण, आख्खं वऱ्हाड बघत होतं. मला समोर मामा दिसतच नव्हते, बाबा दिसत होते. आणि या वेळी तोंड उघडलं. "सोडा! मामा, सोडा ते! मांडव दुसरा मिळंल, सोडा म्हनते ना!"

मामांनी माझ्याकडे पाहिलं. आयुष्यात कुणी बाईनं त्यांना असं फर्मावलं नसेल. त्यांनी एक वेढा काढला. दुसरा काढला. सोडला.

दोर सापासारखा सळसळत गेला आणि ताडपत्री आमच्या पत्र्यांना फटका देत लिंबावरून, अक्कांच्या दुकानावरून, बिदरच्या दिशेनं निघून गेली. चुलत्यांना मी खांबापासून सोडवलं. त्यांचा खांबावर फार जीव होता, वेळ लागला. आम्ही तिघं गोदामात शिरलो, साहेबांनी दार लावलं आणि बाहेर जे व्हायचं ते पाव तास झालं. आत मिरचीच्या पोत्यांमुळे दोनशे माणसं एका सुरात शिंकत होती.

वारा पडला, पाऊस आला आणि गेला, तेव्हा आम्ही बाहेर आलो. आमचे पत्रे सगळे जागेवर. मात्र नवरदेवाची खुर्ची चेपून जमिनीला टेकली होती आणि तिच्यावर जात्याची तळी बसली होती. आम्ही सगळ्यांनी एकदम सासूबाईंकडे पाहिलं.

"येकटीच ठिवली हुती," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "सकाळी. सासूबाईची आटवन म्हनून. येवढ्या मोट्या दिशी वर कोनीच नगं का?"

नवरदेव तळीकडे बघत होते आणि मग वन्संकडे. मला वाटतं, मास्तर त्या क्षणापासून जे बायकोच्या आज्ञेत राहिले ते आजतागायत.

लग्न गोदामातच लागलं. पोत्यांच्या थप्पीवर मूर्ती आणि तसबीर, वंदना झाली, पंचशील झालं, वधूवरांनी प्रतिज्ञा घेतल्या. फुलं ओली होती, उधळली की अंगाला चिकटून राहत. मामांनी ओंजळी भरभरून फुलं उधळली. दोन्ही तळव्यांवर दोराचे लाल वळ होते, बस. दहाही बोटं होती. मी मोजली. कुणीतरी घड्याळ बघून म्हणालं, पाच वाजले. मामा हसून म्हणाले, "बगा, शेवटी पाचच वाजवले." अक्का पहिल्या पंगतीला बसल्या.

दुसऱ्या सकाळी सातला मी मीटर पाहिला, मागच्या सातचा आकडा त्यातून वजा केला आणि भाग दिला. दिवसभराची सरासरी इतकी साधी आली की मी परत मांडलं. तीच आली. साहेब म्हणाले, "बरोबर आहे. पाव तासाचं वादळ चोवीस तासांत वाटलं की हाताला काय येणार? ह्या यंत्राला झटका कळत नाही, फक्त चाल कळते." म्हणून शेऱ्याच्या रकान्यात मी लिहिलं, 'दुपारी साडेतीनच्या सुमारास जोराचे वादळ, पश्चिमेकडून. मांडव सोडला. माणसे सुखरूप.' साहेबांनी ते खोडलं नाही.

घरी मामांना सांगितलं तेव्हा ते तळव्यांना खोबरेल लावत बसले होते. "म्हंजे माजा मांडव बिदर बघून आला अन् तुजी वही म्हनती वारं बेताचं हुतं?"

"दिवसाच्या सरासरीनं, मामा."

"मग बराबर हाय. माजंबी तसंच हाय. दिवसाची सरासरी काढली तर मी लई शांत मानूस." सासूबाई चुलीपुढून म्हणाल्या, "इचारा की मला, पाव तास कोनता ते." जात्याची तळी त्यांनी दाराबाहेर पायरीला टाकून घेतली होती. त्यावर पाय देऊन आत येताना मला अजूनही जरा धाकधूक होते, पण ती आता खाली आहे.

मी बाबांना पत्र लिहिलं. सगळं लिहिलं, घमेलं, खुर्ची, शिंका. आणि शेवटी आजवर कधी लिहिलं नव्हतं तेही लिहिलं. त्या उन्हाळ्यात मी समोर उभी होते, बाबा, आणि ओरडले नाही.

उत्तर यायला तीन आठवडे लागले. बाबा डाव्या हातानं लिहायला शिकले होते, अक्षर पायलीतून सांडल्यासारखं. पत्रात हवापाणी, पराटीचा, म्हणजे कापसाचा, भाव, आईचं गुडघ्याचं दुखणं. मग खाली वेगळी ओळ होती. 'तवा तू वरडली असती तरी म्या काही आयकलं नसतं, बाई. तुया सासरा माह्यापक्षा शहाणा हाय.'

मी ते पत्र अंगणात वाचत होते. मामांनी विचारलं, काय म्हनतेत व्याही? मी ती एक ओळ वाचून दाखवली. मामांनी ती पुन्हा एकदा वाचायला लावली. मग सासूबाईंना बोलावून तिसऱ्यांदा. "ऐकलीस का? आता हे भितीला लाव. कोनतरी शिकलेल्या मानसानं लिवलंय."

"डाव्या हातानं लिवलंय," सासूबाई म्हणाल्या आणि माझ्या हातातून पत्र घेऊन वाऱ्यानं उडू नये म्हणून डब्याखाली ठेवलं.